होडीचें जुनें इंजिन आणि शिळें पेट्रोल

नारळी पौर्णिमेच्या सुमारास कोंकणच्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या होड्या पुन्हां पाण्यांत उतरूं लागतात. पावसाळाभर पडवींत किंवा माळ्यावर पडून असलेलें इंजिन खालीं आणून होडीच्या मागच्या फळीला आवळलें जातें, दोरी ओढली जाते. आणि वैशाखांत पहिल्याच ओढीला चालणारें तें यंत्र आतां वीस वेळां ओढूनहि हूं कीं चूं करीत नाहीं. मालक म्हणतो, यंत्र म्हातारें झालें. शेजारी म्हणतो, नवें घ्या. पुष्कळदां दोघांचाहि अंदाज चुकलेला असतो. यंत्र जेथल्या तेथें असतें; बिघडलेलें असतें तें त्याच्या पोटांत तीन-चार महिने साचून राहिलेलें पेट्रोल.

होडीच्या बाहेर टांगावयाच्या या इंजिनाला जगभर आउटबोर्ड म्हणतात. अमेरिकेंत कॅमेरून वॉटरमन नांवाच्या गृहस्थानें १९०५ सालीं असें यंत्र चालवून पाहिलें होतें. परंतु तें सामान्य नावाड्याच्या हातीं देण्याचें श्रेय मिलवॉकी शहरांतील ओले एव्हिन्रूड या नॉर्वेंत जन्मलेल्या कारागिराला मिळालें. त्याचें दीड अश्वशक्तीचें आणि ६२ पौंड वजनाचें यंत्र १९०९ सालीं विक्रीस आलें. पुढें १९२२ सालीं जॉन्सन बंधूंनीं अवघ्या ३५ पौंडांचें यंत्र काढलें. इंग्लंडांतील पूल या बंदरगांवीं तयार झालेलीं सीगल इंजिनें साधेपणाबद्दल प्रसिद्ध पावलीं. या घराण्यांतील साठ-सत्तर वर्षांपूर्वींचीं यंत्रें आजहि चालतांना दिसतात, याचें कारण त्यांच्यांत बिघडण्याजोगें फार थोडें आहे. जें आहे त्यांतलें बरेंचसें पेट्रोलच्या वाटेवर आहे, आणि ती वाट एखाद्या साध्या पान्यानें व स्क्रू-ड्रायव्हरनें उघडून पाहतां येते.

या वाटेचें महत्त्व कळण्यासाठीं एक गोष्ट आधीं ध्यानांत घ्यावयास हवी. मोटारगाडीच्या इंजिनाला वंगणाचें तेल निराळें असतें. जुन्या आउटबोर्डचीं बहुतेक इंजिनें टू-स्ट्रोक जातीचीं. त्यांना तेलाची वेगळी टांकी नाहीं. तेल पेट्रोलांतच मिसळलेलें असतें. हें मिश्रण हवेबरोबर प्रथम दट्ट्याच्या खालच्या बंद पेटींत, म्हणजे क्रँककेसमध्यें शिरतें, तेथील बेअरिंगांना तेल पाजतें, आणि मग वर जाऊन जळतें. प्रमाण यंत्रागणिक बदलतें. जुन्या सीगलला दहा भाग पेट्रोलास एक भाग तेल, म्हणजे लिटरास १०० मिलिलिटर लागे. १९५० च्या दशकांतील जॉन्सन व एव्हिन्रूड यांच्या यंत्रांना २४ भागांस एक, म्हणजे लिटरास सुमारें ४२ मिलिलिटर. आणि १९६४ पासून त्यांच्या बहुतेक यंत्रांना ५० भागांस एक, म्हणजे लिटरास २० मिलिलिटर. जुन्या यंत्राला नव्याचें प्रमाण देणें म्हणजे त्याचें अर्धें वंगण काढून घेणें होय.

पेट्रोल हें या यंत्राचें अन्नहि आहे आणि वंगणहि. म्हणून इंधन कमी पडूं लागलें कीं केवळ जोर कमी होत नाहीं. तेलहि तितकेंच कमी पोंचतें, आणि ज्वलनाची उष्णता मात्र वाढते. फसवी गोष्ट अशी कीं अशा उपाशी यंत्राचा आवाज प्रारंभीं कांहीं काळ तरतरीत, टणटणीत वाटतो. नावाडी खूष होतो. मग एकाएकीं वेग ओसरतो, दट्ट्या सिलिंडरला चिकटतो, आणि दोरी ओढतां ओढवत नाहीं. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ती कडेला ढकलतां येते. खाडीच्या मुखाशीं, ओहोटी लागलेली असतांना, पहांटेच्या मतलई वाऱ्यांत ज्याचें इंजिन धरलें गेलें, त्याची होडी जमिनीपासून दूर दूरच जाणार.

तेव्हां दोष कोठें आहे हें शोधतांना पेट्रोलच्या मागोमाग टांकीपासून सिलिंडरपर्यंत चालत जावें, हाच सरळ मार्ग. पुष्कळ लोकांचा हात प्रथम कार्ब्युरेटरच्या स्क्रूकडे जातो. स्क्रू बाहेरून दिसतो, फिरवावयास सोपा असतो, आणि फिरवल्यावर कांहींतरी केल्याचें समाधान मिळतें. परंतु वैशाखांत बरोबर लावलेला स्क्रू माळ्यावर पडल्या पडल्या आपणहून फिरत नाहीं. आणि मूळ दोष दुसरीकडे असतांना तो फिरवला म्हणजे एका दोषाचे दोन होतात.

इंधनाच्या वाटेला लागण्यापूर्वीं दोष इंधनाचाच आहे कीं ठिणगीचा, हें ठरवावें. चोक ओढून पांच-सात वेळां दोरी ओढावी आणि स्पार्क प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत आलेंच नाहीं. ओला असेल तर पेट्रोल येतें आहे. मग ठिणगी नाहीं, पेट्रोल फाजील झालें आहे, किंवा तें पेट्रोलच नव्हे. प्लगच्या टोकावर पाण्याचे मणी चिकटलेले दिसले तर आणखी शोधावयास नको. संशय उरलाच तर प्लगच्या भोंकांतून तेलमिश्रित ताज्या पेट्रोलचे कांहीं थेंब सिलिंडरमध्यें सोडावे, सांडलेलें नीट पुसावें, वाफ उडून जाऊं द्यावी, आणि प्लग बसवून दोरी ओढावी. यंत्र दोन-चार क्षण धडधडून थांबलें तर ठिणगी शाबूत आहे आणि उपासमार मधल्या वाटेवर कोठेंतरी आहे, हें निश्चित झालें.

आतां टांकी. टांकीच्या झांकणाला हवा आंत जाण्यासाठीं एक बारीक छिद्र किंवा स्क्रू असतो. तो बंद राहिला तर पेट्रोल जसजसें खालीं उतरतें तसतशी आंत पोकळी निर्माण होते आणि शेवटीं पेट्रोल उतरेनासें होतें. यंत्र छान सुरू होतें, कांहीं मिनिटें चालतें, मरतें. थोडा वेळ गेला कीं पुन्हां चालतें, पुन्हां मरतें. झांकण सैल करतांच हवा शिरल्याचा फुस्स असा आवाज झाला तर रोग आणि औषध दोन्ही एकदमच सांपडलीं. या एवढ्याशा स्क्रूपायीं कार्ब्युरेटर खोलले गेल्याचीं उदाहरणें विरळा नाहींत.

छिद्र मोकळें असेल तर टांकीच्या अगदीं तळचें पेट्रोल एका स्वच्छ कांचेच्या बाटलींत काढून उजेडांत धरावें. ताजें पेट्रोल नितळ असतें आणि त्याचा वास नाकांत झोंबतो. शिळ्या पेट्रोलचा वास आंबूस, जुन्या रंगाच्या डब्यासारखा येतो. पेट्रोल हा एक पदार्थ नव्हे. त्यांत लवकर उडून जाणारे आणि सावकाश उडणारे असे अनेक पदार्थ मिसळलेले असतात. लवकर उडणारे भाग आधीं निघून जातात. थंड यंत्र पेटविण्याचें काम मुख्यतः त्यांचेंच. मागें राहतो तो जड भाग. त्याचा हवेशीं संयोग होऊन डिंकासारखा चिकट थर बनतो. टांकींत तो तितकासा बाधत नाहीं. कार्ब्युरेटरच्या केसाएवढ्या वाटांत मात्र तो घातक ठरतो.

बाटलींत तळाशीं निराळा थर दिसला तर तें पाणी. परंतु अलीकडे तें निव्वळ पाणी असेलच असें नाहीं. भारतांत विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२२ सालीं १० टक्क्यांवर आणि २०२५ सालीं २० टक्क्यांवर पोंचलें. हें इथेनॉल बव्हंशीं ऊंस व धान्य यांपासून होतें, आणि महाराष्ट्रांतील साखर कारखान्यांना त्यामुळें एक नवें गिऱ्हाईक मिळालें. गाड्यांच्या नव्या इंजिनांची जडणघडण हें इंधन लक्षांत घेऊन झालेली असते. १९५५ सालच्या आउटबोर्डच्या कारागिरानें त्याची कल्पनाहि केली नव्हती.

इथेनॉल पाण्याचें मोठें मित्र. समुद्रकाठच्या दमट हवेंतून तें ओलावा ओढून घेतें आणि कांहीं मर्यादेपर्यंत पेट्रोलांत विरघळवून ठेवतें. ती मर्यादा ओलांडली कीं पाणी आणि इथेनॉल यांची जोडी पेट्रोलपासून फारकत घेऊन तळाशीं बसते. येथें टू-स्ट्रोक यंत्राचा खरा घात आहे. मिसळलेलें वंगण तेल पेट्रोलबरोबर वरच्या थरांत राहतें. आणि टांकींतून उचललें जातें तें तळाचें. म्हणजे यंत्राच्या बेअरिंगांकडे जाणाऱ्या घोटांत वंगण जवळजवळ नसतेंच. असें मिश्रण हलवून, घुसळून पूर्ववत् होत नाहीं. त्यांत ताजें पेट्रोल ओतून तें खपविण्याचा मोह काटकसरीचा वाटला तरी महागांत पडतो. तें सर्व काढून टाकावें.

आपल्या पेट्रोलांत इथेनॉल किती, हें घरींहि अजमावतां येतें. खुणा केलेल्या उभट कांचेच्या नळींत दहा भाग पाणी घ्यावें, वर नव्वद भाग पेट्रोल ओतावें, बूच लावून हलवावें आणि स्थिर होऊं द्यावें. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यांत उतरतें, त्यामुळें खालचा थर दहाहून अधिक भरतो. जेवढी वाढ, साधारण तेवढें इथेनॉल.

त्याचे आणखी दोन परिणाम जुन्या यंत्रावर होतात. पहिला असा कीं निव्वळ पेट्रोलचा एक भाग पुरता जळण्यास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला मात्र फक्त ९ भाग. ठराविक छिद्राच्या जुन्या कार्ब्युरेटरला हें कळत नाहीं. तो पूर्वीच्याच मापानें इंधन वाढतो आणि मिश्रण किंचित् विरळ होतें. दुसरा परिणाम जुन्या रबरावर आणि बुचावर होतो. पुष्कळ जुन्या कार्ब्युरेटरांत फ्लोट बुचाचा असे, आणि पेट्रोल आंत मुरूं नये म्हणून त्यावर लाखेचें रोगण दिलेलें असे. सुतार लाखेचें पॉलिश स्पिरिटमध्यें विरघळवून तयार करतात, हें ज्यानें पाहिलें आहे त्याला पुढचें सांगावयास नको. इथेनॉल म्हणजे स्पिरिटच. त्यानें रोगण सुटतें, बूच पेट्रोल पितें, फ्लोट जड होतो, आणि सुटलेली लाख छिद्रांत जाऊन बसते. अशा यंत्रांत आजच्या पेट्रोलला टिकणारा नवा फ्लोट बसविणें, हाच उपाय.

टांकीनंतरची रबरी नळी लवकर तपासून होते, पण तिच्याविषयीं एक तर्क फसवा आहे. नळींतून पेट्रोल गळत नाहीं म्हणजे ती चांगली, असें समजूं नये. पंप पेट्रोल ओढून घेत असतो. त्यामुळें नळीला चीर असेल तर पेट्रोल बाहेर येत नाहीं, हवा आंत जाते, आणि यंत्र खोकल्यासारखें अडखळतें. नळीवरचा रबरी फुगा दाबूनहि घट्ट होत नसेल तर कोठेंतरी हवा शिरते आहे किंवा फुग्यांतील झडप निकामी झाली आहे. त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेला आहे ना, हेंहि पाहावें. वरून धड दिसणाऱ्या नळीचें आंतलें अस्तर सुटून वाट बुजते, असेंहि घडतें. जुनी नळी बदलून टाकणें स्वस्त पडतें.

१९५० च्या दशकांतील कांहीं जॉन्सन व एव्हिन्रूड यंत्रांना मात्र पंपच नाहीं. त्यांच्या टांकीला दुहेरी नळी असते: एकीनें क्रँककेसमधील दाब टांकींत येतो आणि त्या दाबानें पेट्रोल दुसरीनें वर चढतें. येथें झांकणाला हवेचें छिद्र नसून उलट तें घट्ट बसावें लागतें. झांकणाची रबरी चकती वाळून चिरली कीं दाब टिकत नाहीं आणि सारें ठीक असूनहि यंत्र उपाशी राहतें. असें झांकण उघडतांना सावकाश उघडावें. आंत दाब असतो. नंतरच्या यंत्रांत पातळ पडद्याचा पंप आला. क्रँककेसमधील दाबाच्या चढउतारानें तो पडदा हलतो. त्याला बारीक भोंक पडलें तरी वेग वाढतांच पेट्रोल पुरेनासें होतें. भर वेगांत यंत्र मंदावलें असतां नळीवरचा फुगा दाबून पाहावा. त्यानें यंत्र पुन्हां उचल खात असेल तर दोष पंपाचा किंवा त्याच्या अलीकडच्या वाटेचा. कार्ब्युरेटरला हात लावण्याचें कारण नाहीं.

याउलट फुगा दाबून उपयोग होत नाहीं, पण चोक किंचित् ओढतांच जोर येतो, असें असेल तर कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल येतें आहे आणि त्याच्या आंतच अडकतें आहे. हलक्या गतीवर यंत्र मरतें, जोरांत चालतें, तर हलक्या गतीची बारीक वाट बुजली; हलकें चालतें आणि जोर धरीत नाहीं, तर मोठें जेट. चोक ओढल्यानें यंत्र आणखीच गुदमरत असेल तर पेट्रोल कमी नसून जास्त होतें आहे.

जास्त कां होतें, हें कार्ब्युरेटरच्या रचनेवरून कळतें. तळाशीं एक वाटी, तींत तरंगणारा फ्लोट, आणि फ्लोटच्या आधारानें वरखालीं होणारी एक टोंकदार सुई. वाटी भरली कीं फ्लोट वर येतो, सुई भोंकांत बसते आणि पेट्रोल थांबतें. घरांतील पाण्याच्या टांकीला असलेल्या चेंडूच्या नळासारखाच हा प्रकार. सुईखालीं कचऱ्याचा कण आला, सुई झिजली किंवा फ्लोट जड झाला, कीं पेट्रोल थांबत नाहीं आणि कार्ब्युरेटर वाहूं लागतो. डिंकानें सुई बंद स्थितींत चिकटली तर उलट थेंबहि येत नाहीं. तेव्हां स्क्रू-ड्रायव्हरच्या लांकडी मुठीनें वाटीवर हलकेंच टकटक केल्यास ती सुटते आणि किनारा गांठण्यापुरतें काम भागतें. पितळी फ्लोटला भोंक असल्याचा संशय आला तर तो गरम पाण्यांत बुडवावा. जेथून बुडबुडे येतील तेथें भोंक.

कार्ब्युरेटर उघडावयाचाच झाला तर होडींत नव्हे, किनाऱ्यावर, मोकळ्या हवेंत उघडावा. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. ती होडीच्या तळाशीं साचून राहते आणि एका विडीची वाट पाहते. टांकी भरतांनाहि ती उचलून बाहेर आणावी. नळींतून तोंडानें पेट्रोल ओढण्याची संवय तर अत्यंत घातक आहे. पेट्रोलचा घोट फुप्फुसांत गेल्यास प्राणावर बेततें.

प्रत्येक स्क्रू काढण्यापूर्वीं तो हलक्या हातानें आंत फिरवीत किती फेरे बसतो तें मोजून लिहून ठेवावें, म्हणजे परत तेथेंच लावतां येतो. पूर्ण आंत गेल्यावर जोर करूं नये. सुईचें टोंक चेपलें तर पुढें कोणतेंहि माप लागत नाहीं. पितळ मऊ असतें, म्हणून जेटच्या छिद्रांत पोलादी तार किंवा टांचणी घालणें हा अपराध समजावा. छिद्र केसभर रुंद झालें तरी यंत्राची सारी मोजणी बदलते. कार्ब्युरेटर धुण्याच्या द्रवांत भाग भिजत ठेवावे, सायकलच्या पंपानें हवा मारावी, आणि छिद्रांतून उजेड गोल दिसतो कीं नाहीं तें पाहावें. जुनें गॅस्केट फाटलें असेल तर नवें घालावें. तेथून शिरणारी हवाहि मिश्रण विरळ करते. शेवटीं सूक्ष्म मोजणी करावयाची ती यंत्र पाण्यांत, होडी ओझ्याखालीं चालत असतांना. आणि शंका आल्यास स्क्रू किंचित् जास्त पेट्रोलच्या बाजूला ठेवावा. थोडा धूर आणि काळा प्लग यांचा खर्च किरकोळ; विरळ मिश्रणानें धरलेल्या दट्ट्याचा खर्च यंत्राच्या किमतीइतका होऊं शकतो.

केरळच्या किनाऱ्यावर लहान होड्यांचीं पुष्कळ इंजिनें रॉकेलवर चालतात. त्यांची एक निराळी खोड आहे. रॉकेल थंड यंत्रांत पेटत नाहीं. म्हणून सुरुवात पेट्रोलवर करून यंत्र तापल्यावर रॉकेल सोडतात. थांबविण्यापूर्वीं पुन्हां पेट्रोलवर आणण्याचें राहिलें तर वाटींत रॉकेल उरतें आणि दुसऱ्या दिवशीं यंत्र अडून बसतें. त्यांत बिघाड असा कांहींच नसतो. वाटी रिकामी करून पेट्रोलनें भरली कीं झालें.

ज्येष्ठांत इंजिन उतरवितांना अर्धा तास खर्च केला तर यांतील बहुतेक खटाटोप वांचतो. इंजिन पाण्यानें भरलेल्या पिंपांत उभें करावें. कोरडें चालवूं नये, कारण थंडाव्याचें पाणी खेंचणारा रबरी पंखा कांहीं क्षणांतच जळतो. तें चालू असतांना पेट्रोलचा नळ बंद करावा किंवा नळी काढावी, म्हणजे वाटींतलें पेट्रोल संपून तें आपणच थांबेल. तें मंदावूं लागतांच चोक ओढावा, नाहीं तर शेवटचे क्षण विरळ मिश्रणावर जातील. वाटीच्या तळाला स्क्रू असल्यास उरलेले थेंबहि काढावे. प्लग काढून सिलिंडरमध्यें चमचाभर टू-स्ट्रोक तेल घालावें, दोरी दोन वेळां सावकाश ओढावी आणि प्लग परत लावावा. टांकी रिकामी करून, सुकवून, झांकण घट्ट लावून ठेवावी. उरलेलें पेट्रोल ताजें व स्वच्छ असल्यास, मालकाची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर असेल तर तींत आठवड्याभरांत खपवितां येतें. पण त्यांत तेल आधींच मिसळलेलें आहे हें विसरूं नये. श्रावणांत नवें पेट्रोल भरतांना लागेल तेवढेंच घ्यावें, आणि त्यांतील पहिला पेलाभर भाग बाटलींत काढून उजेडांत धरून पाहावा.